हंगामभराची जागा: फुटबॉलचे सीझन तिकीट कोणाला परवडते आणि का

सीझन तिकीट हा शब्द मुंबईकराला नवा नाही. लोकलच्या पासाचे रेल्वेच्या कागदोपत्री नाव तेच. पैसे एकदम भरायचे, मग दर फेरीचा खर्च बराच खाली येतो. रेल्वेच्या हाती रक्कम आगाऊ पडते, प्रवाशाची रोजची रांग चुकते. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबांचे सीझन तिकीट याच हिशेबावर चालते. फरक दोन आहेत. लोकलचा पास डब्यात बसायला जागा देत नाही. फुटबॉलचा पास ठरलेल्या स्टँडमधली, ठरलेल्या रांगेतली, ठरलेल्या क्रमांकाची खुर्ची हंगामभर आपल्या नावावर करतो. आणि हंगाम संपला की पुढच्या वर्षी तीच खुर्ची घेण्याचा पहिला हक्कही आपलाच राहतो. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वीस-वीस वर्षे तोच असतो, त्याची मुले आपल्या डोळ्यांसमोर मोठी होतात, आणि एखाद्या वर्षी तो दिसला नाही तर काळजी वाटते.

ही जागा नोकरदाराला, विद्यार्थ्याला, निवृत्त कामगाराला परवडते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर देशागणिक, क्लबागणिक किती बदलते ते एकाच हंगामातल्या तीन आकड्यांवरून कळेल. २०१४-१५ मध्ये लंडनच्या आर्सेनलचे प्रौढांसाठीचे सर्वांत स्वस्त सीझन तिकीट १,०१४ पौंडांना होते, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे एक लाख रुपये. त्याच लीगमधल्या मँचेस्टर सिटीचे सर्वांत स्वस्त तिकीट २९९ पौंडांना मिळत होते. आणि जर्मनीत, युरोपातल्या बलाढ्य संघांपैकी एक असलेल्या बायर्न म्युनिककडे उभे राहून सामना पाहण्याचा हंगामभराचा पास १४० युरोंना होता. खेळ एकच, मैदानावरची गुणवत्ता तोडीस तोड, मग दरात एवढी तफावत का?

रकमेला आधी भागा

जाहिरातीत एकच रक्कम दिसते. घेणाऱ्याने तिला सामन्यांच्या संख्येने भागले पाहिजे. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, २० संघ, म्हणून घरच्या मैदानावर १९ सामने. जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये १८ संघ, म्हणून १७. इंग्लंडच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत प्रत्येकी २४ संघ, म्हणून २३.

या भागाकाराने चित्र बदलते. आर्सेनलच्या त्या तिकिटात लीगच्या १९ सामन्यांबरोबर चषक स्पर्धांचे ७ सामनेही धरलेले होते. त्यामुळे दर सामना ३९ पौंड पडत होता. महागच, पण पहिल्या नजरेत वाटला तेवढा नाही. मँचेस्टर सिटीकडे हाच हिशेब १६ पौंडांच्या आत, आणि बायर्नकडे सव्वाआठ युरो. इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या ब्रॅडफर्ड सिटीने २०१५-१६ साठी १४९ पौंडांत पूर्ण हंगाम देऊ केला, तेव्हा दर सामना साडेसहा पौंडांना पडला.

भागाकारानंतर चार गोष्टी तपासायच्या. पहिली, चषकाचे सामने आत आहेत की वेगळे. काही क्लब ते पैसे सामना ठरला की आपोआप खात्यातून कापून घेतात. दुसरी, आपल्याला प्रत्यक्षात किती सामने जमतील. १९ पैकी १२ लाच जाता येणार असेल तर त्या बाराने भागा आणि मग सुट्या तिकिटांशी तुलना करा. तिसरी, हप्ते. बरेच क्लब वित्तसंस्थेमार्फत हप्त्यांची सोय देतात आणि काही ठिकाणी त्यावर व्याज लागते. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्यालाच तिकीट महाग पडते. चौथी, प्रवास. डॉर्टमुंडमध्ये सामन्याच्या तिकिटावरच त्या भागातल्या सार्वजनिक वाहतुकीतून मैदानापर्यंत जाता येते. इंग्लंडमध्ये रेल्वेभाडे हा बहुतेकांना तिकिटाखालोखालचा मोठा खर्च असतो.

इंग्लंड: इशारा दिला होता

इंग्लंडमधल्या दरवाढीची कथा एका दुर्घटनेपाशी सुरू होते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या बंदिस्त गॅलरीत चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी १९९० मध्ये मोठी मैदाने पूर्णपणे खुर्च्यांची करण्याची शिफारस केली. त्याच अहवालात दरांविषयीही स्पष्टपणे लिहिलेले होते. उभे राहणाऱ्यांच्या खिशाला झेपेल अशा दरात बसायची जागा देता येते असे सांगताना टेलर यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता: तिथे उभ्याची जागा ४ पौंडांना, तर खुर्ची ६ पौंडांना मिळत होती.

अहवालातला खुर्च्यांचा भाग क्लबांनी अमलात आणला, दरांचा भाग मागे पडला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, उपग्रह वाहिन्यांचा पैसा आला, मैदाने देखणी आणि सुरक्षित झाली. सुरक्षिततेचा हा लाभ मोठा आहे आणि तो कोणी नाकारू नये. पण उभ्यांच्या जागी खुर्च्या आल्याने क्षमता घटली, मागणी वाढली आणि दर चढत गेले.

दरवाढीचे समर्थन करताना क्लब खेळाडूंचे पगार आणि नव्या मैदानांचे कर्ज पुढे करतात. आर्सेनलने २००६ मध्ये ३८,००० क्षमतेचे हायबरी सोडून ६०,००० क्षमतेचे नवे मैदान उभारले. त्याचे कर्ज खरे होते. पण आज संपूर्ण लीगचा ताळेबंद पाहिला तर हे कारण पुरे पडत नाही. २०२२-२३ मध्ये प्रीमियर लीग क्लबांच्या एकूण उत्पन्नात सामन्याच्या दिवशीच्या उत्पन्नाचा वाटा सुमारे १४ टक्के होता. यात महागडे पाहुणचार-कक्षही आले. म्हणजे सगळ्या तिकिटांचे दर सरसकट दहा टक्क्यांनी उतरवले तरी एकूण उत्पन्नाला दीड टक्क्यापेक्षाही कमी धक्का बसेल. चाहत्याच्या घरखर्चात मात्र ही दहा टक्क्यांची कपात ठळक दिसेल.

खालच्या श्रेणीत गणित उलटे असते. तिथे दूरचित्रवाणीचा पैसा तुटपुंजा आणि दारावरची कमाई महत्त्वाची. तरीही स्वस्ताईचे धाडस तिथेच जास्त झाले. ब्रॅडफर्डच्या १४९ पौंडांच्या योजनेला १५,००० हून अधिक लोकांनी प्रतिसाद दिला. २५,००० क्षमतेच्या मैदानावर तिसऱ्या श्रेणीच्या संघासाठी ही गर्दी मोठीच. हडर्सफील्ड टाउनच्या मालकाने पडत्या काळात दरवर्षी तिकीट घेत राहिलेल्या जुन्या चाहत्यांना शब्द दिला होता, की संघ सर्वोच्च श्रेणीत गेला तर तुम्हाला तिकीट १०० पौंडांतच मिळेल. २०१७-१८ मध्ये संघ खरेच प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि तो शब्द पाळला गेला. जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगचा सामना त्या निष्ठावंतांना सव्वापाच पौंडांना पडला. वरच्या श्रेणीतल्या वेस्ट हॅमने २०१६ मध्ये ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मैदानात मुक्काम हलवला, तेव्हा प्रौढांसाठी २८९ आणि मुलांसाठी ९९ पौंडांपासून तिकिटे ठेवली. जागा मुबलक झाली की दर खाली आणता येतात, हे त्यातून दिसले.

जर्मनी: मत सभासदाचे, दरही त्याला विचारून

जर्मन क्लबांचे मूळ गावातल्या क्रीडामंडळांत आहे. १९९८ मध्ये क्लबांना फुटबॉल विभागाची कंपनी काढायची मुभा मिळाली, तेव्हा सोबत एक अट आली: मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांच्या मंडळाकडेच राहिला पाहिजे. ‘५० अधिक १’ या नावाने हा नियम ओळखला जातो. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग या कारखान्यांशी जोडलेल्या क्लबांसारखे अपवाद आहेत, पण सर्वसाधारण चौकट ही. वार्षिक सभेत ज्यांच्यापुढे उभे राहून हिशेब द्यायचा, त्यांच्याच तिकिटाचा दर वाढवताना पदाधिकारी दहादा विचार करतात.

बायर्नचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी हे गणित मोकळेपणाने मांडले होते. स्वस्त पासाचा दर तिप्पट केला तर क्लबला वीसेक लाख पौंड जादा मिळतील, पण एवढ्या रकमेवर एका खेळाडूच्या खरेदीत पाच मिनिटे घासाघीस होते. चाहत्यासाठी मात्र तो फरक फार मोठा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. चाहता ही दुभती गाय नव्हे, असेही त्यांनी बजावले. पाहुणचार-कक्षांतून आणि पुरस्कर्त्यांकडून भरपूर घ्यायचे आणि गॅलरीत दर खाली ठेवायचे, हा तिथला रिवाज आहे.

दुसरे कारण जागेच्या रचनेत आहे. जर्मनीने लीगच्या सामन्यांत उभ्याच्या गॅलऱ्या राखल्या, मात्र सुरक्षित कठडे बसवून. डॉर्टमुंडची दक्षिण गॅलरी एकटी सुमारे २५,००० लोकांना सामावून घेते. मैदानाची लीगमधली क्षमता ८१,००० च्या वर. युरोपीय सामन्यांसाठी त्याच गॅलरीत खुर्च्या बसवाव्या लागत, तेव्हा ती ६६,००० च्या आसपास उतरे. एका खुर्चीच्या जागेत जवळजवळ दोघे उभे राहतात. दोघांनी कमी-कमी दिले तरी क्लबचे नुकसान होत नाही. राजधानीतल्या युनियन बर्लिनचे मैदान तर चाहत्यांनीच २००८-०९ मध्ये स्वतः राबून नव्याने उभे केले. दोन हजारांहून अधिक लोकांनी तिथे श्रमदान केले. २२,००० च्या त्या मैदानात बहुसंख्य प्रेक्षक आजही उभेच असतात. इंग्लंडने ही वाट फार उशिरा धरली: जानेवारी २०२२ मध्ये काही मैदानांवर सुरक्षित उभ्या जागांचा प्रयोग झाला आणि २०२२-२३ पासून परवानगी खुली झाली.

जर्मनीतला सर्वांत धाडसी प्रयोग ड्युसेलडॉर्फचा. फोर्टुना क्लबने ऑक्टोबर २०२३ मध्ये कैसरस्लाउटर्नविरुद्धचा सामना सर्व प्रेक्षकांना फुकट खुला केला. खर्चाचा भार पुरस्कर्त्यांनी उचलला. दुसऱ्या श्रेणीच्या संघाने हे करून दाखवले.

चाहते एकत्र आले तेव्हा

दर आपोआप उतरत नाहीत. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी अॅनफिल्ड या घरच्या मैदानावर लिव्हरपूल सुंदरलंडविरुद्ध २-० ने पुढे होता. ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. पुढच्या हंगामासाठी ७७ पौंडांचे तिकीट आणि हजार पौंडांवरचे सीझन तिकीट जाहीर झाले होते, त्याचा हा निषेध होता. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचे तिकीट रद्द केले आणि दोन हंगाम दर गोठवले. याच आठवड्यात जर्मनीत डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी स्टुटगार्टमध्ये चषकाच्या सामन्याला पहिली वीस मिनिटे आत न जाता आणि नंतर मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून महाग तिकिटांविरुद्ध आवाज उठवला.

इंग्लंडमधल्या चाहता-संघटनांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी वीस पौंडांची मर्यादा मागितली होती. २०१६-१७ पासून प्रीमियर लीगने तीस पौंडांची मर्यादा मान्य केली आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली. मागितले त्याहून कमी मिळाले, पण मिळालेले टिकले.

लढा संपलेला नाही. अलीकडे नेमक्या दुबळ्या गटांवरच कात्री चालते आहे. टॉटनहॅमने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या नव्या सवलती बंद करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडने हंगामाच्या मध्यातच सभासदांची उरलेली तिकिटे सरसकट ६६ पौंडांवर नेली. मुले आणि वृद्ध यांनाही सूट ठेवली नाही. ज्यांनी पडत्या काळात क्लब जगवला ते ज्येष्ठ आणि ज्यांच्या जोरावर तो उद्या जगायचा ती मुले, या दोघांना एकाच फटक्यात बाहेर ठेवणारा हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. ब्रिटिश संसदेने २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. तिकीटदरांबाबत चाहत्यांचे म्हणणे ऐकण्याचे बंधन त्यामुळे क्लबांवर येते. दर ठरवण्याचा अधिकार मात्र मालकाकडेच राहतो.

स्वस्त आहे, पण मिळते कोणाला?

दर उतरवले की दुसरी अडचण उभी राहते. जागा मोजक्या आणि मागणी अफाट, मग तिकीट स्वस्त असूनही दुर्मीळ होते. ज्याच्या नावावर आहे तो ते सोडत नाही. नवा तरुण प्रतीक्षा यादीत वर्षानुवर्षे ताटकळतो. ही यादी किती लांबू शकते हे पाहायचे तर अमेरिकन फुटबॉलकडे वळावे लागेल: लोकांच्याच मालकीच्या ग्रीन बे पॅकर्सच्या यादीत एक लाखाहून अधिक नावे आहेत.

यावर काही उपाय रुजले आहेत. बायर्न ७५,००० पैकी सुमारे ३८,००० आणि डॉर्टमुंड सुमारे ५५,००० जागाच सीझन तिकिटावर देतो, म्हणजे हंगामाचा पास नसलेल्यालाही एखादा सामना पाहता येतो. अनेक क्लबांनी किमान हजेरीची अट घातली आहे; खुर्ची सतत रिकामी राहिली तर नूतनीकरण नाकारले जाते. बार्सिलोनात ज्याला सामन्याला जमणार नाही तो आपली जागा क्लबकडे सोडतो, ती विकली गेली की पैशातला वाटा त्याला मिळतो. इंग्लंडमध्ये १९९४ पासून फुटबॉलचे तिकीट परवानगीशिवाय विकणे हा गुन्हा आहे, म्हणून तिथेही देवाणघेवाण क्लबच्या अधिकृत व्यवस्थेतूनच करायची.

हजेरीच्या अटीला जुन्या चाहत्यांचा विरोध असतो. आजारपण, पाळीची नोकरी, लहान मूल यामुळे सामने चुकतात, आणि तेवढ्यासाठी एखाद्या बिचाऱ्याची वीस वर्षांची जागा जाणे क्रूर ठरेल. म्हणून अट हवी, पण तिला माणुसकीची फटही हवी: जागा वेळेवर सोडली तर ती हजेरीच धरावी. हा तोडगा सर्वांत न्याय्य दिसतो.

आपल्याशी याचे नाते

ब्रिटन-जर्मनीत शिकायला आणि नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना हे सगळे थेट उपयोगाचे आहे. त्यांनी मोठ्या नावांच्या मागे लागून काळ्या बाजारात पैसे घालवू नयेत. ज्या गावात राहता त्या गावचा क्लब शोधा. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत २३ सामने मिळतात, विद्यार्थ्यांना आणि तरुणांना बहुतेक ठिकाणी सूट असते, आणि मुदतीपूर्वी घेतले तर दर आणखी कमी असतो. महिलांच्या संघाचे सीझन तिकीट पुरुषांच्या तुलनेत फारच स्वस्त असते आणि दर्जा अव्वल. आर्सेनलच्या महिला संघाने २०२४-२५ पासून क्लबचे मोठे मैदानच आपले मुख्य घर केले आहे.

गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवा आणि मुंबईत अंधेरीला मुंबई सिटी यांचे सामने होतात. आपल्याकडे सुटे तिकीटच युरोपच्या मानाने स्वस्त, त्यामुळे दराहून मोठा अडसर अनिश्चिततेचा आहे. सीझन तिकीट म्हणजे क्लबवर ठेवलेला आगाऊ विश्वास. २०२५ मध्ये स्पर्धेच्या हक्कांचा करार अडकला आणि इंडियन सुपर लीगचा हंगाम नेहमीच्या सप्टेंबरात सुरूच झाला नाही. वेळापत्रकच नसेल तर पास कशाचा विकणार? वर्षभराचे सामने वेळेवर जाहीर करणे, ही आपल्याकडे पासाची पहिली पायरी आहे.

चाहता आणि संघ यांचे नाते मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल यांचे सामने असतात, तेव्हा पेठच्या पेठ गॅलरीत येऊन बसते. आजोबा ज्या तालमीचे, नातूही त्याच तालमीचा. तिथला खेळ व्यावसायिक नाही, पण डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीतली माणसे ज्या ओढीने येतात ती ओढ हीच. व्यावसायिक क्लबांनी महाराष्ट्रात आणि गोव्यात मूळ धरायचे असेल तर पेठेतल्या, वाड्यावरच्या या माणसाला झेपेल असा दर आधी ठरवावा आणि मग बाकीचा हिशेब करावा.

निष्कर्ष

या साऱ्या उदाहरणांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. सीझन तिकिटाचा दर क्लबच्या गरिबी-श्रीमंतीवर फारसा अवलंबून नसतो. श्रीमंत बायर्न स्वस्त देते, तितकीच श्रीमंत लंडनची मंडळी महाग देतात. बेताच्या ऐपतीचे ब्रॅडफर्डही स्वस्त देऊन दाखवते. निर्णायक ठरतात तीन गोष्टी: मताचा अधिकार कोणाकडे आहे, उभ्याची सुरक्षित जागा ठेवली आहे का, आणि चाहते संघटित आहेत का. पहिली नियमाने येते, दुसरी बांधकामाने. तिसरी आपल्या हातात आहे.

म्हणून ज्याला जमेल त्याने आपल्या गावच्या संघाचा पास घ्यावा, चाहत्यांच्या संघटनेचे सभासद व्हावे, आणि नूतनीकरणाच्या वेळी ज्येष्ठांच्या व मुलांच्या सवलतीविषयी क्लबला पत्र लिहावे. ज्या सामन्याला जमणार नाही त्या सामन्याची खुर्ची वेळेवर सोडावी. त्या खुर्चीवर त्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदाच मैदान पाहायला येणार असते.